‘हाक’ आणि तिचा शेवटचा माणूस

जव्हारच्या एसटी स्टँडवरून थोडं खाली उतरलं की उजव्या हाताला वाणींचा टायपिंग क्लास होता. सर्वेश वाणी त्याच क्लासच्या माळ्यावर लहानाचा मोठा झाला. खाली बारा मशीनांवर मुलं मिनिटाला तीस मराठी शब्दांच्या परीक्षेची तयारी करायची आणि तो खडखडाट ऐकत हा वर अभ्यास करायचा. नाशिकला राहून त्यानं कॉम्प्युटरची पदवी घेतली आणि दोन हजार पाच साली पुण्याच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र खिशात घालून तो घरी परतला. रुजू व्हायचं होतं दिवाळीनंतर. मधे दोन महिने रिकामे होते. पुढं त्याच्या आयुष्यात जे काही झालं ते त्या दोन महिन्यांमुळे झालं.

डोंगरवाट आरोग्य मंडळाचे सचिव भास्करराव हे त्याच्या वडिलांचे जुने स्नेही. सर्वेश त्यांना भास्करकाका म्हणायचा. ते एक दिवस क्लासात आले, मशीनच्या कव्हरवर बोटं आपटत म्हणाले, “सर्वेश, रिकामाच आहेस ना? मग आमच्याकडे ये जरा. एक छोटंसं काम आहे.”

मंडळाची इमारत दुमजली. वर डॉक्टर, खाली औषधांचा स्टोअर. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायची, शिपायानं ती जिना उतरून खाली न्यायची, स्टोअरमधल्या मीनाताईंनी वाचून औषध काढायचं. शिपायाचा गुडघा दुखरा, डॉक्टरांचं अक्षर त्याहून वाईट. तिथं दोन कॉम्प्युटर होते खरे, पण त्यांच्यात काही बोलणं नव्हतं.

सर्वेशनं अकरा दिवसांत एक प्रोग्रॅम लिहिला. वरच्या कॉम्प्युटरवर काही टाइप केलं की खालच्या पडद्यावर एक करडी चौकट उघडायची आणि त्यात ते शब्द दिसायचे. बस, एवढंच. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, ‘सलाईन किती शिल्लक?’ आणि मीनाताई हातातला खोका टाकून जिना चढून वर आल्या. “डॉक्टर, कॉम्प्युटर माझ्याशी बोलतोय!” सगळे हसले. मग डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, की उत्तर तिथंच टाइप करायचं, त्यासाठी वर यायला नको. मीनाताईंनी खाली जाऊन एका बोटानं लिहिलं, ‘बारा. कोण बोलतंय?’

नाव काय ठेवायचं, असं काकांनी विचारलं. इतकी वर्षं लोक जिन्यात उभं राहून एकमेकांना हाका मारत होते, तेव्हा सर्वेश म्हणाला, “हाक.”

दिवाळी आठ दिवसांवर आली तेव्हा भास्करकाकांनी त्याला चहाला बोलावलं. मंडळाचं मोखाड्याला एक केंद्र होतं. तिथल्या नर्सला काही विचारायचं तर फोन लावावा लागे, आणि फोन आठवड्यातून चार दिवस मुका. “तेवढं मोखाड्यापर्यंत नेऊन दे,” काका म्हणाले. “आणि मग जा खुशाल. तुला कोण अडवतंय?”

कोणी अडवलं नाही, हे खरंच. मोडेमवरून निरोप पाठवायचा, लाइन तुटली तर निरोप तसाच धरून ठेवायचा आणि लाइन आली की पुन्हा ढकलायचा, हे सगळं जमवता जमवता जानेवारी उजाडला. पुण्याच्या कंपनीनं एकदा मुदत वाढवून दिली, दुसऱ्यांदा दिली नाही. सर्वेशला त्या वेळी फार वाईट वाटलं असंही नाही. बावीस वर्षांचा मुलगा, आपण लिहिलेल्या ओळींवर मोखाड्यातली नर्स आणि जव्हारचे डॉक्टर बोलतात, हे बघायला तो मोखाड्याच्या केंद्रात मुद्दाम जाऊन बसायचा. पुण्यात काय, कुणाच्या तरी प्रोग्रॅमचा एक कोपरा मिळाला असता. ही तर सबंध त्याची होती.

आणि ती त्याचीच राहावी अशी सोयही त्यानं नकळत करून ठेवली. प्रोग्रॅम लिहिताना प्रत्येक गोष्टीला नाव द्यावं लागतं. सर्वेशनं मनाला येतील ती नावं दिली. निरोपांच्या रांगेचं नाव ‘कोंबडी’, तुटलेल्या लाइनीचं नाव ‘गुडघा’, पुन्हा पाठवण्याच्या कामाचं नाव ‘मीनाताई’. काय कशासाठी आहे हे कुठं लिहून ठेवलं नाही. त्याच्या डोक्यात सगळं होतं, मग लिहायचं कशाला? पुढं नाशिकहून एक हुशार मुलगा मंडळानं मदतीला आणला होता. तो दोन दिवस पडद्याकडे बघत बसला आणि तिसऱ्या दिवशी परत गेला. सर्वेशला तेव्हा मनातून बरं वाटलं होतं. पुढं कितीतरी वर्षं तो हे आठवून ओशाळत असे.

दोन हजार आठमध्ये एका कॉलेजच्या मंडळींनी डोंगरमाथ्यांवर खांब रोवून त्यांवर वायरलेसच्या थाळ्या बसवून दिल्या. मंडळाची सहा उपकेंद्रं त्या थाळ्यांनी जव्हारला जोडली गेली. एक जामसरच्या अंगाला, एक वावरच्या पुढच्या पाड्यावर, अशी लांब लांब पांगलेली. फोनची रेंज या गावांना ठाऊक नव्हती. तिथं सौर पॅनलवर चालणारा एक एक कॉम्प्युटर गेला आणि ‘हाक’ची तिसरी आवृत्ती गेली. त्या आवृत्तीत नावापुढं हिरवा ठिपका आला, म्हणजे माणूस खुर्चीत आहे. निरोप समोरच्या कॉम्प्युटरवर उतरला की पाठवणाऱ्याला ‘पोचला’ असा शब्द दिसायचा. हा शब्द सर्वेशला फार आवडायचा.

वावरच्या उपकेंद्रावर गौराबाई होत्या. वय चाळिशीचं, त्याच पाड्यातल्या, सुईणपण आईकडून शिकलेल्या आणि नंतर मंडळाचं प्रशिक्षण घेतलेल्या. कळफलकावर मराठी अक्षरांचे कागद चिकटवून सर्वेशनं त्यांना दोन दिवस शिकवलं. तिसऱ्या दिवशी तो जव्हारला परतला तर त्याच्या आधी त्यांचा निरोप पोचला होता: ‘भाऊ तुजी छत्री हतं रायली.’ त्या रोज दुपारी सराव म्हणून काहीबाही लिहायच्या. कधी नुसताच क क क क.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत सर्वेशचं लग्न झालं. ऋतिका नाशिकची, शिक्षिका व्हायचं मनात असलेली. जव्हारात किती दिवस राहायचं हा प्रश्न तिनं लग्नाआधीच विचारला होता आणि सर्वेशनं ‘एखादं वर्ष’ असं सांगितलं होतं. तो खोटं बोलत नव्हता. ऑगस्टमध्ये पुण्याहून त्याच्या एका मित्रानं मुलाखत जुळवून आणली. दोन दिवसांचं काम होतं.

निघायच्या आदल्या दिवशी स्टोअरचा कॉम्प्युटर बिघडला. मेकॅनिकनं तो पुसून नव्यानं लावून दिला. ‘हाक’ पुन्हा टाकायला सर्वेशला दहा मिनिटं लागली. मराठी फॉन्ट मात्र त्या यंत्रावर नव्हता, आणि त्याची सीडी घरी होती. त्या काळी मराठीचं असं होतं, की ज्या फॉन्टमध्ये लिहिलं तोच फॉन्ट दुसरीकडे नसेल तर तिथं इंग्रजी अक्षरं, कंस आणि आकडे यांची नुसती खिचडी दिसायची. सर्वेशला हे माहीत होतं. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, आल्यावर टाकू, असं म्हणून तो पुण्याच्या गाडीत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता वावरहून गौराबाईंनी निरोप धाडला. रखमी नावाची बाई पहाटेपासून कळा देत होती, पोर आडवं आलं होतं, जीप पाहिजे होती. मीनाताईंच्या पडद्यावर चौकट उघडली, त्यात तीच खिचडी. गौराबाई सराव करत असतील असं समजून त्यांनी ती बंद केली. तासानं पुन्हा तसंच. मग आणखी एकदा. तिकडं गौराबाईंच्या पडद्यावर तिन्ही वेळा ‘पोचला’ असं स्वच्छ मराठीत दिसत होतं.

दुपारी एक वाजता माणसांनी डोली बांधली आणि रखमीला खांद्यावर घेऊन ते रस्त्यापर्यंत चालत आले. रखमी वाचली. मूल गेलं.

सर्वेश पुण्याची नोकरी पक्की करून आला होता. स्टँडवर उतरल्या उतरल्या त्याला कळलं. घरी न जाता तो मिळेल त्या जीपनं वावरला गेला. गौराबाई ओसरीवर बसून नाचणी पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

“भाऊ, माज्या पडद्यावर पोचला लिवलं होतं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“म्हनून मी थांबले. तीन येळा मी रखमीच्या घरच्यांना सांगितलं, थांबा, जीप निगली आसंल. नायतर सकाळीच डोली बांदली आसती.”

त्या एवढंच बोलल्या. त्यांनी त्याला शिव्या दिल्या असत्या तर तो मोकळा झाला असता, असं त्यानं पुढं ऋतिकाला सांगितलं. मंडळातही कुणी त्याला दोष दिला नाही. भास्करकाका म्हणाले, “अरे, यंत्र आहे, चुकायचंच.” पण यंत्र चुकलं नव्हतं. यंत्रानं, त्याला सांगितलं होतं तेच, तंतोतंत केलं होतं.

पुण्याला त्यानं नकार कळवला. ऋतिकाला म्हणाला, “एवढं एक नीट करतो, मग जाऊ.”

चौथ्या आवृत्तीला त्यानं सात महिने घेतले. फॉन्टची भानगडच संपावी म्हणून सगळं युनिकोडवर नेलं, म्हणजे मराठी कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसेल. ‘पोचला’ हा शब्द काढून टाकला. आता निरोप आला की पडद्यावर चौकट लाल व्हायची, घंटा वाजायला लागायची आणि कुणीतरी वाचून ‘वाचला’ म्हणून बटण दाबेपर्यंत ती थांबायची नाही. हे झालं, पण त्याच्या जिवाला स्वस्थता येईना. खुर्चीत कुणी नसेल तर? मग त्यानं आणखी एक ओळ लिहिली. दहा मिनिटांत कुणी वाचलं नाही, तर निरोप शेवटच्या माणसाकडे जाईल. तो शेवटचा माणूस म्हणजे वाणींच्या माळ्यावरचा कॉम्प्युटर. मंडळाच्या गच्चीवरून घराच्या गच्चीपर्यंत त्यानं थाळीही बसवून घेतली. ती ओळ लिहिताना त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता काही निसटणार नाही.

निसटलं नाही काहीच, आणि तोही नाही.

सुरुवातीला महिन्यातून दोन-तीन निरोप माळ्यावर यायचे. सर्वेश वाचायचा, पायात चपला सरकवून जीपस्टँडवर जायचा, ड्रायव्हरला गाठायचा, डॉक्टरांना कळवायचा. लोक त्याला मान द्यायला लागले. पण महिन्यात दोनच निरोप येणार असले तरी ते कोणत्या दिवशी येणार हे कुणाला ठाऊक? म्हणून रोज घरात थांबायला हवं. ऋतिकाच्या भावाच्या लग्नाला तो अक्षता पडल्या आणि निघाला. प्रगती, त्यांची मुलगी, झाली तेव्हा तो नाशिकला एक रात्र राहिला आणि सबंध रात्र त्यानं दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालण्यात काढली, बायकोसाठी थोड्या आणि माळ्यासाठी जास्त. एकदा तिघं महाबळेश्वरला निघाले होते. घोटीच्या पुढं गेल्यावर तो म्हणाला, “मला वाटतं, वीज गेली असेल तिकडं.” ते परत फिरले. वीज गेली नव्हती.

‘हाक’ मात्र वाढत होती. पाचव्या आवृत्तीत फोटो पाठवता यायला लागले. गौराबाई आता बाळाच्या अंगावरचे फोड फोटो काढून धाडायच्या. सहाव्या आवृत्तीत आवाज आला. नवीन विंडोज आली की जुना प्रोग्रॅम अडून बसायचा आणि सर्वेश पुन्हा महिनाभर त्याच्याशी झटायचा. वडील गेले, टायपिंग क्लास बंद झाला, मशीनं भंगारात गेली. खालची जागा रिकामी राहिली आणि वर सर्वेश बसलेला.

मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. जव्हारला, मोखाड्याला रेंज भरपूर झाली. मंडळातले लोक सगळं काम व्हॉट्सॲपवर करायला लागले. वरचे डॉक्टर खालच्या स्टोअरशी फोनवर बोलायचे. ‘हाक’ची चौकट लाल झाली, घंटा वाजली, तर कुणीतरी आवाज बंद करायचं. दहा मिनिटांनी निरोप माळ्यावर जाणारच आहे, सर्वेश आहेच, हे प्रत्येकाला माहीत होतं. सहा पाड्यांवर मात्र रेंज अजून नव्हती. असली तर झाडाखाली, टेकाडावर, वाऱ्याच्या लहरीवर. त्यांच्याकडे ‘हाक’च होती. होता होता असं झालं, की सहाही केंद्रांचे सगळे निरोप थेट त्याच्यावर यायला लागले. दिवसाला तीस, चाळीस. एवढ्या मोठ्या प्रोग्रॅमच्या या टोकाला आता एकच माणूस उरला होता.

“अहो, हे मंडळ चालवतंय की तुम्ही?” ऋतिकानं विचारलं.

“थोडे दिवस.”

“तुमचे थोडे दिवस तेरा वर्षांचे झाले.”

तिनं नाशिकच्या एका शाळेत अर्ज केला होता, हे त्याला पत्र आल्यावर कळलं. प्रगतीच्या पाचवीचं निमित्त होतं, आणि निमित्त खोटंही नव्हतं. जून दोन हजार बावीसमध्ये मायलेकी नाशिकला गेल्या. भांडण झालं नाही. ऋतिकानं जाताना त्याच्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि ती म्हणाली, “तुम्ही वाईट नाही आहात. पण मला हे आता बघवत नाही.”

नाशिकला बसून निरोप वाचता येतील अशी सोय त्यानं करून पाहिली. दोन दिवस जमलं. तिसऱ्या दिवशी जामसरकडचा निरोप आला, पोराला साप चावला. सर्वेशनं जीपवाल्याला फोन लावला, त्यानं उचलला नाही. दुसऱ्याला लावला, तो डहाणूला गेलेला. डॉक्टरांचा फोन बंद. ऋतिकाच्या स्वयंपाकघरात उभा राहून तो पंचवीस मिनिटं आकडे दाबत होता. शेवटी पोराला कुणीतरी मोटरसायकलवर घालून नेलं आणि ते बचावलं. पण सर्वेश जव्हारात असता तर धावत स्टँडवर गेला असता. त्या दिवसानंतर त्यानं ती सोय काढून टाकली.

मंडळात रविना नावाची मुलगी माहिती भरायच्या कामावर लागली होती. वावरजवळच्याच पाड्यातली, आश्रमशाळेत शिकून पुढं कॉम्प्युटरची पदवी घेतलेली. तिनं एकदा सहज विचारलं, “सर, ही हाक कोणत्या भाषेत लिहिलीय?” सर्वेशनं तिला माळ्यावर नेऊन दाखवलं. ‘कोंबडी’ आणि ‘गुडघा’ बघून ती खदखदून हसली. आणि मग, नाशिकच्या त्या मुलाला दोन दिवसांत जे कळलं नव्हतं ते तिला दुपारपर्यंत कळलं. का, तर तिनं त्याला विचारलं. तो गुडघा कुणाचा होता, मीनाताई कशा होत्या, सगळं विचारलं आणि वहीत लिहून घेतलं.

दीड वर्ष त्यानं तिला शिकवलं. ती पटापट पुढं गेली. आठव्या आवृत्तीतले निम्मे बदल तिचे होते. सर्वेशला कित्येक वर्षांनी शीळ घालावीशी वाटायला लागली. ऋतिकाला फोनवर तो म्हणाला, “मार्चपर्यंत येतो मी. कायमचा.” ती म्हणाली, “या. मग बघू.”

फेब्रुवारीत त्यानं रविनाला समोर बसवलं. शेवटच्या माणसाची ओळ उघडली. “इथं माझ्या मशीनचं नाव आहे. आता तुझ्या मशीनचं घालायचं.”

रविनानं पडद्याकडे पाहिलं आणि खुर्ची मागं सरकवली.

“सर, मला नाशिकला नोकरी लागलीय. पंधरा तारखेला जायचंय. मी आज सांगणारच होते.”

“अगं, पण हे सगळं तू शिकलीस...”

“शिकले म्हणूनच लागली ना.”

“वावर तुझं गाव आहे, रविना. तुझीच माणसं आहेत.”

हे बोलल्याबरोबर आपण काय बोललो ते त्याला कळलं. रविनाचा चेहरा उतरला. पण तिचा आवाज चढला नाही.

“माझीच आहेत. माझी आत्या आहे तिथं. पण सर, तुम्ही मला इथं बसवलंत ते ह्याच्यासाठी का? तुमच्या जागी अडकायला?”

त्यानं कळफलकावरचा हात मागं घेतला.

“एक सांगू?” ती म्हणाली. “माझं नाव घालू नका, तुमचं ठेवू नका. शेवटचा माणूस कुणाला ठेवूच नका. ती ओळ आहे म्हणून खाली कुणी वाचत नाही.”

हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण चौदा वर्षांत कुणी ते त्याच्यासमोर बोललं नव्हतं.

तो भास्करकाकांकडे गेला. काका आता सत्तरीपार, अजून सचिव, अजून गोड. जव्हारच्या कार्यालयात पाळीपाळीनं दोन माणसं निरोपांवर बसवा, असं सर्वेशनं सांगितलं. काकांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विषय बैठकीत ठेवला. बैठकीत ठरलं, की सध्या चाललंय ते उत्तम चाललंय. “सर्वेश आहे ना,” कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढचा विषय आला.

त्या दुपारी सर्वेशनं ती ओळ पुसली. मग त्याला दम धरवेना. तो उठला आणि वावरला गेला. गौराबाईंचे केस आता पांढरे झाले होते. रोज दहा वेळा बोलणारी ही दोन माणसं वर्षभरात एकमेकांना भेटली नव्हती. त्यानं त्यांना सगळं सांगितलं. घरचं सांगितलं, ऋतिकाचं सांगितलं, ओळ पुसल्याचंही सांगितलं.

“म्हंजे मी निरोप धाडला तर तिकडं कोन आसंल?”

“माहीत नाही. असेल कुणी, किंवा नसेल.”

गौराबाई उंबऱ्यात बसल्या.

“तू जा भाऊ तुज्या बायकूकडं. मी नको कशाला म्हनू? पन तिकडं कोनी नसंल तर मला तसं लिवून धाड. कोनी नाय म्हनून लिव. मंग मी डोली बांदीन. थांबनार नाय.”

नववी आवृत्ती सर्वेशनं आठ दिवसांत लिहिली. फारसं काही नव्हतंच लिहायचं. निरोप धाडणाऱ्याच्या पडद्यावर आता मिनिटामिनिटाला खरी स्थिती यायची: ‘अजून कोणीही वाचलेलं नाही.’ आणि वाचलं तर वाचणाऱ्याचं नाव. दहा मिनिटं गेली की सोमवार ते गुरुवार निरोप माळ्यावर यायचा. शुक्रवारपासून सोमवारी सकाळी नऊपर्यंत तो सचिवांच्या घरच्या कॉम्प्युटरवर जायचा आणि तिथं घंटा वाजायची. ती ओळ त्याला सबंध पुसून ठेवता आली नाही. पुसली तेव्हा त्याला रखमी दिसत होती. म्हणून आठवड्यातल्या चार दिवसांपुरतं त्यानं आपलं नाव पुन्हा घातलं.

भास्करकाकांना त्यानं हे आधी लेखी दिलं, तोंडीही सांगितलं. ते हसले. “बरं बरं,” म्हणाले. त्यांना ते खरं वाटलं नसावं.

शुक्रवारी दुपारच्या गाडीनं तो नाशिकला गेला. तीन दिवस त्यानं काय केलं म्हणाल, तर काही नाही. प्रगतीच्या सायकलला तेल घातलं, भाजी आणली, आणि बाहेर कुठं रिक्षाचा भोंगा वाजला तरी उठून उभा राहिला. रविवारी जेवताना ऋतिकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

सोमवारी तो परतला तर भास्करकाका माळ्याच्या पायऱ्यांवर बसलेले. “चार वेळा गेलो स्टँडवर,” ते म्हणाले. “एकदा चालत, तीनदा रिक्षानं. एक बाळंतपणाची केस होती, एक तापाची. जीपवाला मला ओळखेना.” मग त्यांनी विचारलं, “तू किती वर्षं करतोयस हे?”

“चौदा.”

काका काठीवर हनुवटी टेकून बसून राहिले. पुढच्या बैठकीत शुक्रवार ते रविवार दोन नर्सना निरोपांवर बसवायचं ठरलं. बाकीच्या चार दिवसांबद्दल सर्वेशनं विचारलं तेव्हा काका चकित झाले. “ते तू आहेसच की.”

अजून तसंच चाललंय. रविना नाशिकला एका कंपनीत आहे, कधी रविवारी ऋतिकाकडे जेवायला येते आणि प्रोग्रॅमबद्दल अवाक्षर काढत नाही. मार्चमध्ये कायमचा येतो म्हणालेला सर्वेश आठवड्याचे तीन दिवस येतो. ऋतिकानं त्यावर हसावं की रडावं ते अजून ठरवलेलं नाही. सोमवारी पहाटेच्या गाडीत तो बसतो, त्र्यंबक मागं पडतं, मोखाड्याला गाडी दहा मिनिटं थांबते तेव्हा उतरून चहा घेतो, आणि नऊच्या सुमाराला माळ्यावरचा कॉम्प्युटर चालू करतो. यंत्र जुनं आहे, सुरू व्हायला वेळ घेतं. पडदा उजळला की डाव्या बाजूला सहा नावं येतात आणि त्यांच्यापुढं एक एक करून हिरवे ठिपके उमटतात. वावरचा ठिपका बहुधा पहिला.

‘आलास का भाऊ,’ गौराबाई लिहितात.

‘आलो,’ असं टाइप करून तो खुर्ची पुढं ओढतो.